फिलिपिनो गोष्टींचं पुस्तक आणि आपली लेक

आई, मी तुला पुस्तकाबद्दल काही लिहीन, हे तुला खरं वाटणार नाही. चार पानं वाचून पेंगणारी मी. पण माझ्याबरोबर वॉर्डवर एक फिलिपिनो नर्स आहे, तिने तिच्या देशातल्या लेखकांच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक मला दिलं. त्यांच्याकडे गावोगावच्या बायका परदेशी कामाला जातात आणि मुलं आजीकडे वाढतात. त्यामुळे हा विषय ते लेखक कोळून प्यायले आहेत. एका गोष्टीतली आई घरी पाठवायचं मोठं खोकं महिनोन्‌महिने भरत असते. त्यात साबण, चॉकलेटं, मुलीचे बूट. मापासाठी आजीने मुलीचं पाऊल कागदावर आखून पाठवलेलं असतं. इथे इंग्लंडात, स्लाऊच्या बसमध्ये मी ते वाचलं आणि चारचौघांत रडले.

तूही पाठवायचीस तसे कागद. "दोन वर्षांत सेटल होते आणि नेते तिला," असं सांगून मी चौदा महिन्यांची पोर तुझ्या हवाली केली. दोनाची पाच वर्षं झाली. व्हिसा, ड्यूट्या, घर... कारणांचा मला कधी तुटवडा नव्हता. मी आणलेले बूट तिला दर वेळी घट्ट व्हायचे, आणि मी तुझ्यावरच डाफरायचे, साधं माप घेता येत नाही तुला! माप बरोबरच असायचं गं. मीच आठ-आठ महिने उशिरा उगवायचे.

गेल्या महिन्यात ते पुस्तक मी आपल्या लेकीला दिलं. ती आता चौतिशीची आहे, इथून जवळच रीडिंग गावात राहते, तिची मुलगी नुकतीच रांगायला लागलीय. वाटलं, वाचून तरी तिला कळेल माझं काय झालं ते. काल गेले तर पुस्तक दाराजवळच्या टेबलावर काढून ठेवलेलं.

"वाचलंस?"

"हो, गुड आहे. पण मम्मा, सगळ्या स्टोरीज आईच्या साइडने आहेत. त्या मुलीला कोणी विचारलंच नाही."

"मग तू सांग ना मला."

"इट्स टू लेट, मम्मा. चहा घेणार?"

आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी पाय धरले असते तिचे. पाहुणीला विचारावं तसं तिने विचारलं, मी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि ट्रेनने घरी आले. आता यापुढे काही बदलेल, असं मला वाटत नाही.

आणखी एक. पंधरा वर्षांपूर्वी तू शेवटची आजारी होतीस, तेव्हा ती रोज विचारायची, "आईला कधी भेटायचं?" शेवटपर्यंत आई तूच होतीस, मी मम्मा. डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं, फार तर आठवडा. मी तिला म्हणाले, आजीला उतार पडलाय, तुझी परीक्षा झाली की जाऊ. परीक्षेचं निमित्त होतं. तुझ्या उशाशी बसून ती तुला आई म्हणून हाक मारेल, ते मला ऐकायचं नव्हतं. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण तू आता तिला सांगू शकणार नाहीस.