भंडाऱ्याची काच

धाराशिव, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप कोंडीराममामांच्या चरणी शिवकन्येचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, उचलला तर हं हं करून मामींच्या हातात देता, म्हणून आईनं कागद-पेन आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. बातमी अशी की तुमच्या भाचीला लायसन्स मिळालं. एकवीस दिवसांचा क्लास केला, परीक्षेत आठचा आकडा काढला, एकदाही गाडी बंद पडू दिली नाही. जुनी का होईना, एक पांढरी गाडीही दारात आली आहे. एक मार्चपासून मला नर्स म्हणून उपकेंद्रावर हजर व्हायचं आहे. तिथली शेवटची एसटी साडेचारला निघते आणि बाळंतीण काही साडेचारचा विचार करत नाही. तेव्हा गाडी चालवता येणं भागच आहे.

आईचं म्हणणं, गाडी आधी अणदूरला खंडोबाच्या पायाशी न्यायची, मगच रस्त्यावर काढायची. रस्त्यावर न काढता अणदूरला कशी न्यायची, असं विचारलं तर कॅलेंडर काढून बसली. सोळा तारखेचा रविवार धरलाय. रोज पाचदा विचारते, नीट येती ना गं चालवायला. मी हो म्हणते. पण मामा, खरं सांगू का, शेजारी क्लासचे सर नसले की गाडी काढायचा मला धीर होत नाही. त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो आता नसणार. हे आईला कळवू नका. तुम्ही तीस वर्षं भूम डेपोची एसटी चालवलीत, कुणाला ओरखडा नाही. मला चार गोष्टी लिहून पाठवा.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती थोडी काळजीपोटी वाढवा.

तुमची, शिवकन्या


भूम, ८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्येस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही, दोन्ही खरं. तुझ्या सरांना जाऊन विचार, एकवीस दिवसांत त्यांनी त्यांचा ब्रेक किती वेळा दाबला. जो आकडा सांगतील तितक्यांदा तू कुठंतरी धडकली असतीस, असं धरून चाल. राग मानू नको. लायसन्स म्हणजे शिकायची सुरुवात झाली, शिकून संपलं असं न्हाय.

आता ऐक. बसायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. चाकाखाली कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं असतं, शेजारच्यांचं लेकरू खेळत असतं. सैल चप्पल घालून बसायचं न्हाय, ती ब्रेकखाली जाती. बेल्ट आधी, चावी नंतर. मोबाईल मागं डिक्कीत. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी गेली की मनात एक, दोन, तीन म्हण. तीनच्या आत तू खांबापाशी पोचलीस तर तू लई जवळ आहेस. उसाच्या ट्रॅक्टरला मागं दिवा नसतो आणि दोन दोन ट्रॉल्या असतात, त्याच्या मागं दहा मिनिटं गेली तर जाऊ दे. भोंगा वाजवला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं समजू नको. आणि समोरचं दिसत नसेल तर पुढं जायचं न्हाय. दिसंना म्हणजे थांब. डावीकडं घे, दिवे लाव, थांब.

मी आलो असतो, पण तुझ्या मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे. पोचल्यावर लगेच लिही. तोवर माझा जीव टांगलेला राहील. तुझ्या आईला, सारजाला, आशीर्वाद. तुझ्यावर आहे तेवढा लोभ पुरे आहे, रस्त्यावर जास्त लोभ दाखवू नको.

तुझा मामा, कोंडीराम


धाराशिव, १८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांना शिवकन्येचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आई आणि मी घरी सुखरूप आहोत, हे आधी लिहिते. पुढचं वाचताना खाली बसा.

जाताना सगळं नीट झालं. खांब मोजत गेले. देवळापुढं गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं, येळकोट म्हणून गाडीवर भंडारा उधळला. टप, बॉनेट, पुढची काच, सगळं पिवळं. साडेपाचला निघालो. तुळजापूरच्या रस्त्याला एका वळणावर ऊन एकदम समोर आलं आणि काच नुसती हळदीची झाली. मी घाबरून पाणी मारलं आणि वायपर लावला. हळद कालवली गेली, मामा. समोर काही म्हणजे काही दिसेना. तुमचं वाक्य आठवलं, ब्रेक मारला, डावीकडं घेतलं. डावीकडं माणूस होता.

बंडप्पा नाव त्यांचं. साठीचे आहेत, सायकलवर कडब्याची पेंढी घेऊन वस्तीवर चालले होते. आरसा लागला आणि ते खड्ड्यात पडले. मी १०८ ला फोन केला, त्यांचा हात कापडात बांधून धरला, पोलिसांना मीच सांगितलं. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलं. डोक्याला लागलं नाही. गाडीचा वेग कमी होता म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घरी आणली.

काच पुसायची राहिली. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आता गाडीवर चादर टाकून ठेवली आहे. एक तारखेला हजर व्हावं की राजीनामा लिहावा, तुम्हीच सांगा. आई दोन दिवस जेवलेली नाही.

रागावलात तरी दूर करू नका.

तुमची, शिवकन्या


भूम, २२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

माणूस वाचला आणि तू त्याला सोडून पळाली नाहीस, एवढ्यासाठी आशीर्वाद लिहिला. बाकी पत्र रागाचं आहे.

काच पुसायची राहते? गाडीभोवती फेरी मार म्हणून लिहिलं होतं. फेरी मारताना काच पिवळी दिसली नाही का तुला? तीस वर्षांत एक दिवस मी काच पुसल्याशिवाय गाडी डेपोबाहेर काढली न्हाय. दसऱ्याला डेपोतली पोरं हार घालायची, तेसुद्धा काचेवरचे मी काढायला लावायचो. ही चूक न शिकलेल्याची न्हाय, निष्काळजी माणसाची आहे, आणि निष्काळजी माणसाला शिकवता येत नाही. चावी आईकडं दे. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, बंडप्पाची मान मोडली असती तर काय केलं असतंस?

मामीनं तुला जपून राहा म्हणून सांगितलंय. माझा लोभ आटलेला नाही, पण भरवसा आटलाय.

कोंडीराम


धाराशिव, २७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप कोंडीरामदादास सारजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वैनीचा डोळा बरा असंल.

माझं अक्षर तुमाला ठावं हाय, सावकाश वाचा. पोरीनं तुमचं पत्र वाचलं आन् चावी माझ्या हातात दिली. मग पत्र म्या वाचलं. तिनं तुमाला अर्धंच लिवलंय, दादा.

तिनं फेरी मारली व्हती. अणदूरला देवळापुढं फडकं घेऊन काच पुसाया लागली, तवा म्या तिचा हात धरला. देवाचा भंडारा पुसू नगं, घरी जाऊस्तोवर ऱ्हाऊ दे म्हणलं. तिनं तीनदा सांगितलं, आई दिसत न्हाय. तिसऱ्यांदा म्या रडले, नव्या गाडीला अपशकुन करती म्हणले. मग तिनं फडकं ठिवून दिलं. निष्काळजी ती न्हाय. म्या हाय.

परवा म्या एसटीनं बंडप्पाच्या वस्तीवर गेले. चूक माझी म्हणून सांगितलं. त्येंच्या बायकूनं, रुद्रम्मानं, चहा केला. बंडप्पा म्हणले, पोरगी बी चूक माझी म्हणत व्हती, तुमी बी माझीच म्हणता, आता ह्यो मोडलेला हात कुणाच्या नावावर मांडू. ते हसले, मला हसाया आलं न्हाय. घरी येऊन काच म्या सोताच्या हातानं धुतली. देवाला काय ते म्या सांगीन.

हे पत्र तुमाला मिळंल तवर एक तारीख उलटून पोरगी गाडीनं कामावर गेली असंल. तुमी नगं म्हणला असताना चावी म्या तिला दिली. ती घेत नव्हती. म्या म्हणले, शेजारी म्या बसते, आन् तू थांब म्हणलीस की म्या गप बसीन.

दादा, गाडी चालवणारानं काय करावं ते तुमी तिला लिवलं. शेजारी बसणारानं काय करू नये, ते बी लिवा. माझ्या नावानं लिवा.

तुमची भैन, सारजा