सहावी पाकळी

जुन्नर,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय मंगल,

सलाम आणि नमस्कार, नेहमीसारखे दोन्ही. आम्ही सगळे ठीक. थंडी कडक आहे. तुझ्या आईच्या जास्वंदीला रोज पाणी घालते. भाऊजींची शुगर कशी आहे?

फोन करता आला असता. पण होस्टेलमध्ये सिस्टर दर रविवारी पत्रं लिहायला बसवायच्या, तेव्हापासून मला खरं बोलायला कागदच लागतो.

येत्या रविवारी तू घर आवरायला येणार आणि मावशी पुण्याच्या वृद्धाश्रमात जाणार, असं काल फोनवर कळवलंस. "गल्लीच्या भरवशावर ठेवलं आणि आई पाच तास न्हाणीत पडून राहिली," म्हणालीस.

गल्लीची पद्धत तुला ठाऊक आहेच. एकटी राहणारी अकरा म्हातारी माणसं. दुपारचा डबा, औषधं आणि सकाळची खूण. सावळारामआप्पा दारात खुर्ची मांडतात, जोहराबी पडदा सारतात, मावशी रांगोळी काढते. आठ वाजता शौकत रिक्षा काढण्याआधी फेरी मारतो. खूण दिसली नाही, तर दार वाजवतो. ही कल्पना माझीच.

मावशी पडली त्या दिवसापासून शौकतने फेरी सोडली. परवा त्याच्या घरी गेले होते.

"आपा, रांगोळी व्हती. या डोळ्यांनी बघितली. तरी लोक म्हणत्यात, शौकत झोपला व्हता. आता मला नाय जमायचं."

जोहराबीचा मुलगाही आईला न्यायचं म्हणतोय. त्या नुसत्या पडद्यामागे बसून असतात.

मंगल, रांगोळी होती. ती मी काढली होती.

त्या सकाळी आळे गावी भाचीकडे जायचं म्हणून सातलाच निघाले. मावशीचं दार बंद, अंगण कोरं. वाटलं, थंडीने गुडघे धरले असतील, पडली असेल जरा. आदल्या आठवड्यात शौकतने दार वाजवून उठवलं, तर तिने त्याला केवढं झापलं होतं! म्हटलं, झोपू दे. रांगोळीचा डबा कोनाड्यात होताच. खरं सांगू, बसल्यावर मला फार बरं वाटलं. तिनेच शिकवलेलं फूल, तोच उंबरा, आपण दोघी सात-आठ वर्षांच्या. नियम मीच केलेला आणि मलाच तो आठवला नाही. दाराच्या आत ती तेव्हा पडलेली होती.

आणखी एक. दवाखान्यात तू खाली औषधं आणायला गेलीस, तेव्हा मावशी हळूच म्हणाली, "बाजंवरनं नेताना रांगोळी दिसली मला. माजं फूल पाच पाकळ्यांचं. सहावी तू ल्हानपणापास्नं घुसवतीस."

मला रडूच फुटलं. म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोलून काय? घर गेलं तर जाऊ दे. तुमी दोघी तुटाल. मंगलला सांगू नगंस."

मी ऐकलं. तीन आठवडे. तिचा शब्द पाळते आहे असं मनाला सांगितलं, पण ते माझ्याच सोयीचं होतं. आठवतं, ख्रिश्चन मुली फादरकडे कबुली द्यायला आत जायच्या आणि आपण चॅपलच्या दाराबाहेर चिंचा खात उभ्या असायचो? एवढं काय सांगत असतील, म्हणून हसायचो.

शौकतला आज संध्याकाळी सांगणार आहे, मग गल्लीत सगळ्यांना. तू रविवारी ये. मला काय बोलायचं ते बोल, वाटलं तर बोलूच नकोस. पण माझ्या चुकीपायी तिचं घर हलवू नकोस. काही आवरायच्या आधी तिला एकदा विचार, कुठे राहायचंय. तिला आता वाकता येणार नाही. खूण दुसरी ठरवू, पण ती तिच्याच हातची असेल.

तोवर मी अंगण झाडते आणि कोरं ठेवते.

आत घेशील तोवर दाराबाहेर उभी,
तुझी
कौसर