व्यायामात पाणी प्यायचं नाही

सर, काल मला शिसारी आली, आणि ती कुणाला सांगावी ते कळेना म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. सध्या पुण्यात लेकीकडे असते. माझे गुडघे आखडलेत, म्हणून ती मला तिच्या योगाच्या वर्गाला घेऊन गेली. दारं-खिडक्या घट्ट बंद, भिंतीवर हीटर, आणि आत वीस-पंचवीस माणसं अंग तापवत एका आसनातून दुसऱ्या आसनात सरकत होती. मधे थांबायचं नाही. आणि हे भर मे महिन्यात, बाहेर फुकटचं ऊन पडलेलं असताना. दहा मिनिटांत सगळे निथळायला लागले. माझ्या पुढच्या गृहस्थांच्या कोपरावरून घाम टपटप माझ्या चटईवर पडत होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या कोंदट, आंबूस वासानं मी नाक दाबून धरलं. तेवढ्यात शिकवणारी मुलगी, वयानं माझ्या नातीएवढी, जवळ येऊन म्हणाली, "आजी, मधे मधे पाणी प्या." मी म्हटलं, "व्यायामात पाणी पीत नसतात." तिनं हसून विचारलं, "असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी उठले आणि बाहेर जाऊन चपलांच्या कपाटापाशी बसून राहिले.

तुम्हीच सांगितलं होतं, सर. बहात्तरचा दुष्काळ, लोहाऱ्याजवळचं आपलं गाव, मी नववीत. सूतगिरणीच्या पायाभरणीला मोठी माणसं येणार होती आणि त्यांच्यापुढे आम्हा चौदा मुलींची सूर्यनमस्कारांची कवायत तुम्ही बसवत होता. मैदानात मुलींनी हातपाय हलवले की पारावरची रिकामी माणसं बघत बसायची, म्हणून तुम्ही सोसायटीचं गोडाऊन मागून घेतलंत. वर पत्रा, खाली फरशी, कोपऱ्यात खताची उरलेली पोती. सकाळची शाळा सुटली की भर बाराला तुम्ही आम्हाला आत घेता आणि दार ओढून घेता. "आंग तापल्याबिगर वाकत न्हाय," तुम्ही म्हणता, "आपल्याला तर आयतीच भट्टी मिळाली." आधी जागच्या जागी धावणं, मग खांदे, मग कंबर. खताचा वास नाकातून मेंदूत जातो. घामेजल्या तळव्यांना खताचे खडे चिकटतात आणि चुरचुरतात. एकीनं पाणी मागितलं तेव्हा तुम्ही शिट्टी तोंडातून काढून म्हणालात, "व्यायामात पाणी प्यायचं न्हाय. तापल्या आंगात पाणी गेलं की नसा आखडतेत." आम्ही मान डोलावली. माझ्या शेजारची मुलगी, जिची आई खडी फोडायला जायची, स्वतःच्या मनगटावरचा घाम चाटत होती. मला तिची इतकी किळस आली की मी दुसऱ्या दिवशी जागा बदलून घेतली. तिची किळस आली, तुमची नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

एकदा मी लवकर पोचले. तुम्ही गोडाऊनमागे शाळेचा रांजण आडवा करून त्याच्या तळाला धोतराचा सोगा फिरवत होता आणि तो पेल्यात पिळत होता. गढूळ, पिवळट पाणी, वर कसली तरी चिलटं तरंगणारी. ते तुम्ही प्यायलात. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तोंड पुसून म्हणालात, "पाणी न्हाय म्हणलं तर पोरी घरला जातेत. घरी तरी कुठं हाय? नियम हाय म्हणलं की दम धरतेत."

"मग नसा आखडतेत ते?"

"आखडत असतील बी. मला काय ठाव. कुणाला सांगू नको."

मी कुणालाच सांगितलं नाही. उलट मला भारी वाटलं, की सरांनी एवढ्या चौदा जणींत मलाच हे सांगितलं. पायाभरणीच्या दिवशी सकाळी टँकर आला. आम्हाला वाटलं, आपल्यासाठी. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून तो अख्खा टँकर मैदानावर शिंपडला. त्या चिखलात आम्ही नाक टेकून नमस्कार घातले, आणि दोघी-तिघींनी नाक टेकताना ओठही टेकवले. तुम्ही ते बघितलंत. शिट्टी तोंडात धरून तुम्ही आकडे मोजत राहिलात. त्या दिवसापासून तुमचं तोंड बघायची मला घाण वाटायची, आणि तरीही पुढे मी कवायतीची बाईच झाले.

धाराशिवला मुलींच्या शाळेत लागले तेव्हा मैदानाच्या कडेला नळ होता, त्याला पाणी होतं. पण मी वर्गाला अंग तापवायला लावायचे आणि पहिल्याच दिवशी सांगायचे, व्यायामात पाणी प्यायचं नाही. नसा आखडतात. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पण पन्नास मुली नळाकडे बघत उभ्या राहतात आणि माझ्या एका शब्दासाठी हलत नाहीत, हे मला आवडायचं. सर, हे आवडण्यात काहीतरी घाणेरडं होतं.

मग एका एप्रिलमध्ये, सकाळच्या शेवटच्या तासाला, सहावीतली एक मुलगी तीनदा म्हणाली, "बाई, एक घोट." मी तिला दोन फेऱ्या जास्त धावायला लावल्या. ती पडली. पडताना ओकली, माझ्या पायांवर, सकाळी खाल्लेली भाकरी आणि पिठलं. आणि मी आधी नळावर जाऊन पाय धुतले, सर. चांगले घासून. मग तिच्याकडे वळले. तोवर तिचे डोळे फिरले होते. मुख्याध्यापिकांना मी सांगितलं, पोर उपाशी आली होती. ती नऊ दिवस दवाखान्यात होती. तिचे वडील कचेरीत शिपाई होते. ते शाळेत आले, दाराबाहेर चपला काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, पोरगी न जेवता आली म्हणं. तिची आई पहाटंच कामाला जाती, पोरीला बी त्या दिवसाचं काई आठवंना. आईला म्या लई बोललो. तुम्हाला उगं तरास झाला, माफी करा." मी म्हटलं, "असू द्या." त्यांनी तिला पुन्हा शाळेत पाठवलं नाही.

तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली. काल त्या कपाटापाशी बसून मी ठरवलं होतं की तुम्हाला चांगलं फैलावर घ्यायचं, हा नियम तुमचा, त्या पोरीचं जे झालं ते तुमच्या खात्यावर. पण तुमच्याकडे पाणी नव्हतं. माझ्याकडे नळ होता. तुम्ही आम्हाला फसवलंत ते थांबवून धरायला. मी कशासाठी फसवलं, ते वर लिहिलंच आहे.

हे पत्र खरं तर त्या मुलीला जायला हवं. ती धाराशिवातच असते, कोर्टाच्या बाजूला तिचं वह्या-पेनांचं दुकान आहे, आणि त्या गल्लीनं मी कधी जात नाही. सकाळी दोन कागद तिचं नाव लिहून फाडले. तिची आई अजून आहे म्हणतात, आणि त्या बाईला अजूनही वाटतं की त्या दिवशी आपण पोरीला उपाशी पाठवलं.