भिगवणकरांचे शेअर

॥ श्री ॥
बारामती, ता. ४ फेब्रुवारी १९३३

ती. दत्तोबामामांस कुंडलिकचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. अक्षर आपल्या विजयमालाचं, ओळखायला पाकीट फोडावं लागलं नाही. भिगवण स्टेशनावरच्या मालकारकुनाचं स्थळ तिला सांगून आलंय, त्याला शेत नाही, पण एका साखर कंपनीचे साठ शेअर आहेत, ते कितपत भरवशाचे हे मी कळवावं, असं आपण लिहिता. तेही तिच्याच हातून लिहवून घेता!

तर ऐका. शेअरबाजार म्हणजे नुसता आरडाओरडा. मी नोकरी करतो त्या गुळाच्या अडतीत निदान ढेप डोळ्यांसमोर असते. उपरण्याखाली बोटं दाबतात, भाव ठरतो. मुंबईला माल नाही, ढेप नाही, सगळा घशाचा व्यापार. एकतीस साली विलायतेनं पौंडाची सोन्याशी गाठ सोडली, तर या शूरांनी काही दिवस बाजाराची दारंच लावून घेतली. असल्या कागदांवर मुलगी द्यायची? चूल पेटवायला घ्या म्हणावं.

आईची कंबर धरली आहे, बाकी ठीक. मंदी सगळ्याला लागली, तुमच्या मायेला लागू नये.

आपला भाचा,
कुंडलिक


॥ श्री ॥
इंदापूर, ता. ९ फेब्रुवारी

चि. कुंडलिकास दत्तोबाचे आशीर्वाद.

तुझं पत्र विजूनं वाचून दाखवलं. तुझी मामी म्हणाली, पोराला कागदाचा न्हाय, दुसऱ्याच कशाचा राग आलाय. असंल. पर दिवाळीला तूच चार पानं लिहिली व्हतीस, का मंदीतबी बाजार वाढतोय म्हणून. ती मी जपून ठेवल्यात. आता त्याच बाजाराला शिव्या! रुपयाच्या हुंडणावळीवरनं, म्हंजे त्याच्या विलायती भावावरनं, प्रोफेसराशी भांडून कॉलेज सोडलंस, तवाबी असाच तापला व्हतास. मी दोन्ही खरं कसं मानू? पोरीच्या जन्माचा सवाल हाय. डोकं थंड करून लिव.

तुझ्या आईला शेकायला सांग. आमचा जीव तुझ्यात हाय, येवढं ध्यानात ठेव.

तुझा मामा


॥ श्री ॥
बारामती, ता. १४ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

दोन दिवस अडतीवरची जुनी वर्तमानपत्रं चाळत बसलो. राग ओसरला, आता नुसता शीण आहे. दिवाळीचं पत्र खरं होतं.

कापड गिरण्यांचे शेअर जपानी मालानं झोपवले ते अजून उठलेले नाहीत. पण बाजार तेवढाच नाही. परदेशी साखरेवर जकात बसल्यापासून नव्या कंपन्या निघताहेत. जमिनीला गिऱ्हाईक नाही, लोक सोनं मोडताहेत, त्यातला थोडा पैसा तिकडे वळतो. सरकारी कर्जरोख्यांचा कागदही वधारलाय. आणि दारं लावली होती, तशी उघडलीही. ते मी मागल्या पत्रात लिहिलं नाही. दोष पुष्कळ. सट्टेवाले माजलेत, एका अफवेवर भाव कोसळतो, आपल्यासारख्याला बातमी कळेपर्यंत ती शिळी होते. बाजार अंगानं वाढतोय, अकलेनं अजून नाही. पण मेलेला नाही.

भिगवणकरांच्या कंपनीचा भाव घेतल्यापेक्षा वर आहे. शेअर चांगले आहेत. ज्यानं भर मंदीत ते निवडले तो माणूसही विचारी असणार.

एवढं लिहायला तीन कागद फाडले. आशीर्वाद असू द्यावा, सध्या तेवढाच पुरे.

कुंडलिक


॥ श्री ॥
इंदापूर, ता. १९ फेब्रुवारी

चि. कुंडलिकास आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं वाटलं. आता रीत. मामाच्या पोरीवर पयला हक्क भाच्याचा. दुसरीकडं द्यायची तर भाच्याला नारळ धाडायचा. त्यानं ठेवून घेतला म्हंजे आमी मोकळे. आपला गडी गेणू ह्ये पत्र आन् नारळ घेऊन येतोय.

हितवर लिहून विजूनं टाक खाली ठेवला. म्हणाली, दुसऱ्याच्या कागदाची येवढी पारख करणाऱ्या माणसाला आपल्यासाठी एक ओळ लिहिता यीना व्हय? ह्येबी लिव म्हणालो, तर आधी नको म्हणाली, मग लिहिलं.

बाबा, लहानपणापासनं सगळे तिला तुझी म्हणत आले. पर दोन दिवाळ्या तू फिरकला न्हाईस, तुझ्या आईनंबी इषय काढला न्हाय. आमी समजलो, तुला नको. गेणू एक मुक्काम करून माघारी फिरंल. भिगवणकर गुरुवारी येणार हायती.

तुझा मामा


॥ श्री ॥
बारामती, ता. २१ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

आईला विचारलं. ती म्हणाली, घरच्या पोरीला मागणी कसली घालायची? मीही तेच धरून चाललो होतो. कॉलेज सोडल्यावर तुम्हांला तोंड दाखवायची लाज वाटली. म्हटलं, नोकरीला वर्ष होऊ दे, मग जाऊ. अडतीवर रोज पाहतो, उपरण्याखाली हात घातल्याशिवाय ढेप कुणाची होत नाही. मी मात्र लांब उभा राहून ती आपलीच समजत होतो. ढेपेची उपमा विजूनं पोटात घालावी.

माझा भाव पडलेला आहे. पदवी नाही, शेअर नाही, डोकं तापट, पगार बेताचा. भिगवणकरांचे शेअर मात्र आजही चांगलेच आहेत. तो शब्द मी मागे घेत नाही. दोन्ही समोर ठेवून तिनं ठरवावं, आणि काय ठरलं ते तिनंच लिहावं.

गेणूला हे पत्र देऊन आत्ताच गाडीत बसवतो आहे. नारळ त्याच्याबरोबर परत पाठवतो आहे.

आपला,
कुंडलिक