अकरा भागांचा अजरामर नोकर

२ नोव्हेंबर, रविवार. अमरावती.
कुणीतरी ‘पाहुणे आले, गॅस संपला’ ही आमची मालिका यूट्यूबवर टाकली. सगळे भाग! इतक्या वर्षांनी का होईना, महाराष्ट्राला अक्कल आली.
मी त्यात नोकर नामा. अकरा भाग. दार उघडायचं, कुणी काही विचारलं की ‘मले काय मालूम’ म्हणायचं, आत जायचं. दर वेळी हशा. बाकीच्या नटांना पानभर संवाद लागत, मला तीन शब्द पुरले. याला टायमिंग म्हणतात. ते शिकवून येत नाही.
संकल्प: पोट कमी करणे. मुलाखती सुरू होतील. मुलाखतीत नम्र राहणे.

५ नोव्हेंबर
व्ह्यूज एकशे चौदा. त्यातले माझे थोडे.
कमेंट्स तीन. एक म्हणतो, ‘असा निखळ विनोद आता नाही.’ जाणकार माणूस. दुसरा म्हणतो, ‘तेव्हा पोट धरून हसलो होतो, आता दहा मिनिटांत बंद केली.’ याचं नेट स्लो असणार. तिसरी कुणी बाई: ‘बायको मठ्ठ, नोकर मठ्ठ, एवढ्यावर किती हसायचं?’ तिला सडेतोड उत्तर दिलं. बायकोच्या, आरतीच्या अकाउंटवरून, म्हणजे निःपक्षपाती वाटेल.
पोटाचं उद्यापासून. आज घरी आलूबोंडे होते.

८ नोव्हेंबर, शनिवार
आमची मुलगी प्रतीक्षा रजा टाकून पुण्याहून आली. जूनपासून तिथे नोकरीला आहे. बसवून भाग दाखवला. पोरगी अधूनमधून मोबाइल बघत होती. संपल्यावर विचारते, यात जोक कुठे आहे? मी समजावलं. समजावणं भागापेक्षा लांबलं. तिच्या पिढीला सगळं फोडून सांगावं लागतं.
नंतर आरतीने स्वयंपाकघरात वेगळंच सांगितलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये प्रतीक्षाच्या तोंडून एकदा ‘मले वाटते’ निघालं. तेव्हापासून ती आत शिरली की कुणी ना कुणी ‘मले, मले’ करतं आणि सगळे हसतात. आता ती मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. नोकरी सोडायचं म्हणते.
मी म्हटलं, यात रडण्यासारखं काय? चार-पाच महिन्यांत ओळख झाली. मला अकरा भाग लागले होते. शिवाय घरात ‘मला’ म्हण, ‘मला’ म्हण, असं मी तिला लहानपणापासून टोकत आलो. ऐकलं कुणी?
आरती कणीक तिंबत राहिली. फार जोरात तिंबली.

१२ नोव्हेंबर
चूक लक्षात आली. मोबाइलवर विनोद बसत नाही. मोठा पडदा हवा, चार माणसं हवीत. अकोल्याच्या जुबेरला फोन केला. जुना मित्र, त्याचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. तो म्हणाला, लोक आजकाल दोन मिनिटांच्या वर काही बघत नाहीत, पण गजूभाऊ, दुकान तुमचंच आहे. रविवार, २३ तारीख ठरली.
तिवशाहून आईलाही आणतो. बिचारीने नामा कधी पाहिलाच नाही. तेव्हा तिवशात नेमकी त्याच वेळेला लाइट जायची. तरी लेक टीव्हीत आहे म्हणून तिने अख्ख्या गावात साखर वाटली होती.
प्रतीक्षा यायला तयार नव्हती. आजी जाते म्हटल्यावर आली वळणावर. पैज लावली. ती एकदा हसली, की पुण्याला परत जायचं, नोकरी सोडायची नाही, आणि लोकांचं हसणं खेळीमेळीने घ्यायचं. नाही हसली तर मी नामाचं नाव काढणार नाही. पैज जिंकल्यातच जमा आहे.

१९ नोव्हेंबर
आरशासमोर सराव. टायमिंग जसंच्या तसं. वजन एक किलो वाढलं. थंडीचे कपडे.

२२ नोव्हेंबर
चाळीस जणांना निमंत्रण. बहुतेकांचं उत्तर, ‘पाहतो न.’ म्हणजे येतातच.
जुबेरला खुर्च्या वाढवायला सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. अकोला.
हजर: जुबेर, त्याची बायको अकीलाभाभी, आम्ही चौघं, आणि फ्रिज बघायला आलेलं एक जोडपं. चाळीसपैकी कुणी नाही. रविवारी लग्नं असतात.
नामाने दार उघडलं. ‘मले काय मालूम.’ टीव्हीतली माणसं खो खो हसली. दुकानात सामसूम. अकीलाभाभींनी चहा पुढे केला. फ्रिजवाले फ्रिज न घेता गेले.
पुढच्या प्रसंगात मालक जेवत असतात. नामा दाराशी येऊन म्हणतो, ‘मले भूक लागली.’ पुन्हा हशा, टाळ्यांसकट. माझ्या मते अकरा भागांतला हा सर्वोत्तम क्षण. मी प्रतीक्षाकडे पाहिलं. ती खाली बघत ओढणीचं टोक गुंडाळत होती.
आईने जुबेरला टीव्ही थांबवायला सांगितला. मला वाटलं, पुन्हा बघायचंय.
“गजू, तू तं नुसतं ‘मले भूक लागली’ म्हनलं,” ती म्हणाली. “मंग हे लोकं काहून हासून राहिले? भुकेल्या मानसाले कोनी हासते का?”
उत्तर माझ्या जिभेवर होतं. टायमिंग. इतकी वर्षं तेच देत आलो. पण प्रतीक्षाने मान वर केली होती आणि ती माझ्याकडे बघत होती, आजीपेक्षा तिलाच उत्तर हवं असल्यासारखी. मला ते तिच्यासमोर म्हणायची लाज वाटली. आई वाट बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं.
“मले काय मालूम,” मी म्हटलं.
सरावापेक्षा बरं जमलं. कोणीच हसलं नाही.