सोळाचा एमसीबी

माय, तू गेल्यावर दादाने घरात कूलर आणला, मग फ्रीज, आणि पुढे विहिरीवरची मोटरही खोलीच्या त्याच लाइनीवर जोडली. भार वाढला की लाइन तोडणारा एमसीबी सारखा पडायचा. वैतागून त्याने सोळा अँपिअरचा काढला, बत्तीसचा बसवला आणि मला फोनवर सांगितलं, "आता झंझट खतम." मी कुडव्याला लोकांच्या घरची वायरिंग करतो. एमसीबी वायर पाहून निवडायचा, कूलर पाहून नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं. वायर बारीक आणि एमसीबी मोठा असला की वायर आतल्या आत तापत राहते आणि एमसीबी आपला गप्प. पण आपल्या घरी मी पाहुण्यासारखा येणार, जेवणार आणि जाणार.

यंदा उन्हाळ्यात लेकीला घेऊन आलो. तुझी खाट असायची त्याच भिंतीला तिची खाट लावली. धानाच्या रोवणीवरून आलीस की चुलीपुढे बसायच्या आधी तू त्या भिंतीला पाठ टेकायचीस. म्हणायचीस, "थंड लागते रे पाठीले, बरं वाटते." मीही तुझ्या शेजारी टेकून बसायचो. लेक सकाळी चहा पिताना म्हणाली, "बाबा, त्या भिंतीत कोणी पाठ लावून बसून आहे का? गरम लागते." तिने तुला कधी पाहिलेलं नाही.

हात लावून पाहिला. बसलेल्या बाईच्या पाठीएवढी उंची, तेवढीच रुंदी, आणि तेवढ्याच जागेत ऊब. काय आहे ते मला कळत होतं. आत वायर तापत होती, आज ना उद्या पेटली असती. तरी पेचकस हातात घेववेना. इतक्या वर्षांत तुझं एवढंही काही हाताला लागलं नव्हतं. दादा खेकसला, "काऊन बसून राहिला बे? पोरगी झोपते तिथं!"

मग उठलो. भिंतीतली वायर पार ओढून काढली. नवी वायर छताखालून पट्टीतून नेली, मोटर आणि कूलर वेगळ्या लाइनीवर घेतले आणि खोलीच्या लाइनीला पुन्हा सोळाचा एमसीबी बसवला. ओढताना फार वाईट वाटलं, पण पोरीच्या जिवाशी खेळ नको. त्याला चार दिवस झाले, आता त्या भिंतीत वायरच नाही.

आज दुपारी सगळे शेतावर गेल्यावर मेन बंद केला. निवांत जेवलो आणि मग हात लावला. ऊब तशीच होती. त्या बाजूला ऊन येत नाही, पलीकडे चूल नाही. मी खाली बसलो आणि पाठ टेकली, बराच वेळ. दुसऱ्याचं घर असतं तर कारण सापडेपर्यंत भिंत फोडली असती. इथं हातोडी पिशवीतून काढलीच नाही. लेकीची खाट तिथंच आहे आणि ती गाढ झोपते. तुला लिहिलेला हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. संध्याकाळी दादाने विचारलं तेव्हा सांगून टाकलं, भिंत थंड झाली म्हणून.