दारापेक्षा उंच

१४ ऑक्टोबर, रविवार दुपार

तीर्थस्वरूप वहिनींस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर, खोकला गेला. एवढं लिहिलं की तुमचे निम्मे प्रश्न संपले. उरलेल्या निम्म्यांसाठी हे पत्र. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला.

आमच्या गल्लीचं तुम्हाला माहीत आहेच. सगळे कुठल्या कुठल्या देशांतून आलेले, कुणाची भाषा कुणाला धड येत नाही. बोलणं व्हायचं ते कचऱ्यावरून आणि गाड्या लावण्यावरून. माझ्या वरच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून सकाळी झोपते, आणि नेमकं तेव्हाच मी शिलाई मशीन सुरू करायचो. ती टाचेने जमीन बडवायची, मी पायडल आणखी जोरात मारायचो. माझा स्वभाव तुम्ही ओळखताच.

तर कोपऱ्यावरच्या चित्रकार बाईंनी डोक्यात घेतलं की गोदामाची लांब भिंत सगळ्यांनी मिळून रंगवायची. प्रत्येकाने आपण सोडून आलेल्या घराचं दार काढायचं. पण बाई भलत्याच बिलंदर. म्हणाल्या, आपलं दार आपण रंगवायचं नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्या शेजाऱ्याने रंगवायचं, आणि रंग कोणता ते आपण त्याला समजावून सांगायचं.

झालं. टॅक्सीवाल्याचं दार बेकरीवाल्याकडे गेलं. या दोघांच्या देशांत लढाई झालेली, त्यामुळे ते एकमेकांचं तोंड बघत नसत. टॅक्सीवाला हाताची घडी घालून उभा, एक अक्षर बोलेना. बेकरीवाल्याने शेवटी आपल्या मनाने निळा लावला. ते मात्र टॅक्सीवाल्याला बघवेना. "असला निळा असतो का कुठे?" म्हणत त्याने डबे पुढे ओढले आणि स्वतः रंग कालवून दिला. तेव्हापासून दोघं रोज वाद घालतात, पण एकाच बाकावर बसून घालतात.

माझं दार नर्सकडे आलं. मी पडलो शिंपी, कापडावर मारावा तसा खडू मारला, रेघ न् रेघ काटेकोर. दारात तुम्हाला उभं केलं. एक हात कमरेवर, दुसऱ्यात उलथनं. बघून नर्स हसायलाच लागली. म्हणाली, "टेलर, ही बाई या दारातून आत कशी जाणार?" बघतो तर खरंच, तुमचं डोकं चौकटीच्याही वर. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि तुमच्याच मापात गाढवपणा केला.

पुसायला फडकं घेतलं, पण हात चालेना. आई-बाबा गेल्यावर दादा मला घेऊन आला, तेव्हा मी तुमच्या कमरेला लागत होतो. तुम्ही दारात उभ्या होतात. मला तेव्हा दारबीर काही दिसलंच नाही, फक्त तुम्ही दिसलात. मी चित्र तसंच ठेवलं.

"कोण आहेत या?" तिने विचारलं. भावाची बायको, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्याने तिला काय कळणार? तापात उशाशी कोण बसलं, दादापासून माझ्या उनाडक्या कुणी लपवल्या, पहिलं मशीन घ्यायला कुणी लावलं, हे सगळं कुठे सांगत बसू? मी म्हणालो, "आई."

तिने ब्रश उचलला. मी रंग सांगत गेलो, ती भरत गेली, आणि माझे डोळे गळत राहिले. हल्ली मी मशीन दुपारीच सुरू करतो.

आता गल्लीभर झालंय, ती टेलरची आई म्हणून. येताजाता विचारतात, बऱ्या आहेत ना? बेकरीवाला तर रोज विचारतो, कधी येणार?

आता मुद्द्याचं लिहितो. दादा गेला तेव्हा मी म्हणालो होतो, आवराआवर करतो आणि कायमचा येतो. तुम्ही माझी खोली झाडून ठेवता, ठाऊक आहे मला. वहिनी, मी परत येणार नाही. इतकी वर्षं इथे नुसता राहत होतो, आता इथला झालो. पण तुम्ही तिथे एकट्या आहात या विचाराने घास उतरत नाही, हेही तितकंच खरं. माझ्या दोन खोल्या आहेत, तळमजल्यावर, जिना चढायला नको. खिडकीत सकाळचं ऊन येतं. नर्स म्हणते, त्यांच्या गुडघ्यांचं मी बघते.

तुम्ही रागवाल, चार दिवस फोन उचलणार नाही. चालेल. फक्त नाही म्हणायच्या आधी एवढं लक्षात घ्या. मला आई आहे असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय, आणि सांगताना मला एकदाही खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

ये गं.

तुझा,
धाकटा